चंद्र दोन, भरती एक

विषय कोणी काढला ते सांगायला नकोच. जॉर्ज मार्टिनच्या 'गेम ऑफ थ्रोन्स'वाल्या मालिकेचा सहावा खंड. "लिहून होत आलाय" ही बातमी पुन्हा फिरली आणि मंदारने ती मोबाईलवरून अशी वाचून दाखवली, जणू त्याच्याच घरी पाळणा हलणार आहे. शिरोड्याचा तिठा, हॉटेलाच्या पत्र्यावर पाऊस, मासेमारी बंद म्हणून बाबल तांडेलही कट्ट्यावर.

"पाचवा २०११ साली आला," नीलम म्हणाली. (ती वाचनालयात असते. पुस्तक परत घेताना ती पाठीवरून बोट फिरवते आणि तुम्ही कुठवर वाचलंत ते सांगते.) "एवढ्या वर्षांत कलमाला आंबे धरून पाडी व्हायची वेळ आली."

"कलाकृतीला घाई करता येत नाही," मंदार.

"घाईचा प्रश्नच नाही. मार्टिनला आधी तीनच खंड लिहायचे होते. मग तिसऱ्यानंतर गोष्ट पाच वर्षं पुढे न्यायची ठरली, म्हणजे पोरं मोठी होतील, ड्रॅगन वाढतील. पुढे तो बेत सोडला. उडी मारायची तर मधल्या काळातलं सगळं आठवणीतून सांगावं लागतं. उडी न मारता लिहायला बसलं तर ती वर्षं भरून काढावी लागतात. एका खंडाचे दोन झाले, २००५चा चौथा आणि २०११चा पाचवा. काळ बराचसा तोच, चौथ्यात अर्धी पात्रं आणि पाचव्यात उरलेली. सगळ्यांनी मीरीन नावाच्या एकाच शहराकडे निघायचं, पण कोण आधी पोचतं यावर पुढचं सगळं अवलंबून. त्याला तो स्वतःच मीरीनची गाठ म्हणतो. आता ती गाठ गळ्याशी आलीय."

"तरी माझ्याकडून ४.७५," मंदार म्हणाला.

मंदारचे तारे हा कट्ट्यावरचा जुना विनोद आहे. चारच्या खाली तो कधी उतरत नाही, आणि पुस्तकाची आगाऊ नोंदणी केली त्याच दिवशी तारे देऊन मोकळा होतो. सोनेरी कडांच्या आवृत्त्या काचेच्या कपाटात, प्लास्टिकसकट. कोकणातल्या जुलैत प्लास्टिकच्या आत बुरशी धरते हे त्याला नीलमने तीनदा सांगितलंय. हजार पानी पेपरबॅकचं तर विचारूच नका. दमट हवेत डिंक सुटतो आणि पुस्तक नेमकं युद्धाच्या प्रकरणात दुभंगतं.

"अगो, तारे ऱ्हवांदेत," बाबल म्हणाला. "पुस्तक बरा की वायट ता वळखतत कसा?"

"अण्णांच्या उधारीच्या वहीसारखं," नीलमने हॉटेलच्या गल्ल्याकडे बोट केलं. "एक कागद घ्यायचा, मधे रेघ. गोष्टीत काही उघडं पडलं की डावीकडे लिहायचं: हरवलेला भाऊ, भाकीत, न उघडलेली पेटी. मिटलं की उजवीकडे खूण. पहिल्या खंडात डावी बाजू वाढणारच. पण मालिका अर्धी झाल्यावरही डावीकडेच भर पडत असेल, तर लेखक उधारीवर जगतोय. आणि पहिल्या पन्नास पानांत किती नवी नावं येतात ती मोज. तीस आली आणि त्यातली दहासुद्धा मागची पानं न बघता ओळखता येत नसतील, तर खाली ठेव. मग मधलं कुठलंही पान काढ, 'तो म्हणाला, ती म्हणाली' झाकून संवाद वाच. कोण बोलतंय ते कळलं तर घरी ने."

"चौदा खंडांच्या मालिकेला असला हिशोब लावता येत नाही," मंदार खुर्चीत पुढे सरकला. 'व्हील ऑफ टाइम'बद्दल बोलताना त्याचा आवाज कीर्तनकारासारखा होतो. "१९९० ते २०१३! लेखक २००७ साली गेला, शेवटचे तीन ब्रँडन सँडरसन ह्या दुसऱ्या लेखकाने त्याच्या टिपणांवरून पुरे केले—"

"आणि त्याचा दहावा खंड?"

मंदार गप्प.

"दहाव्यात बराच वेळ नवव्याचा शेवट चालू असतानाच बाकीचे कुठे काय करत होते ते. क्षितिजावर काहीतरी मोठं घडतंय हे एकेकाला जाणवतं. म्हणजे दशावतारात राक्षस पडला, आणि मग मंडळी तासभर दाखवतायत की तो पडताना पेटीवाला चहा पीत होता."

"दशावताराचा नाव काढू नका!" भाई उसळले. भाई निवृत्त गुरुजी. गेल्या जत्रेत ट्रिकसीनचा, म्हणजे यंत्राने हलवायच्या देखाव्याचा, नाग मधेच अडकला आणि भाई अर्ध्यातून उठून गेले, ते अजून परत आले नाहीत असं बाबल म्हणतो. "त्या ट्रिकसीनांनी वाट लावली. पूर्वी नुसता पडदा, मृदंग, झांज, आणि नटाच्या तोंडात पल्लेदार भाषण—"

"भाई, ट्रिकसीनचा दोष नाही. आख्यानाला नाग हवा होता का, एवढाच प्रश्न. नाग आहे म्हणून आख्यान फिरवलं की तो अडकतोच."

मंदारला इथे संधी दिसली आणि खरं सांगायचं तर तो बरा बोलला. सँडरसनचा नियम त्याने सांगितला: जादूने संकट सोडवायचं तर ती जादू वाचकाला आधी तेवढीच समजलेली हवी. त्याच्या 'मिस्टबॉर्न'मध्ये माणसं धातू गिळतात आणि पोटात जाळतात. पोलाद जाळलं तर समोरचा धातू ढकलता येतो, पण जो हलका तो सरकतो. नाणं खाली टाकून रेटलं की ते जमिनीला टेकतं आणि माणूस वर उडतो. भिंतीतल्या लोखंडाला रेटलं तर स्वतःच मागे फेकला जातो. धातू संपला की खेळ संपला.

"हे पटलं," नीलम म्हणाली. मंदार एवढा दचकला की चहा बशीत सांडला. "धातू संपतो म्हणून पटलं."

"मगे तुझा ता दुसरा पुस्तक?" बाबलने मंदारला विचारलं. "काल वाचून दाखवलंस ता. दोन चंद्रांचा."

"ते वेगळं. ते काव्यात्म आहे."

"काव्य गेला खड्ड्यात. माका सांग, दोन चंद्र असत तर भरती कशी येतली? हयसर एक चंद्र, तर दिवसाक दोन भरत्यो, दोन ओहोट्यो, आणि रोज पन्नासेक मिनिटा उशीर. अमावास्या-पुनवेक उधाण, अष्टमीक भांग, म्हणजे पाणी कमी चढता. दोन चंद्र झाले तर दोघांचो हिशेब वेगळो. दोघेय एका रेषेत इले की धक्को पाण्याखाली. आणि तुझ्या राजपुत्रान मध्यरात्री येवन गलबत सरळ धक्क्याक लावल्यान! खाडीच्या तोंडार वाळूचो दांडो नाय? वारो खयचो? मेल्या, थय तांडेल कोण होतो?"

"फँटसी आहे, बाबलदा! तिथे काहीही होऊ शकतं."

"काहीही होऊ शकतं तिथे भीती कसली?" नीलम म्हणाली. "राजपुत्र बुडेल म्हणून मी जीव मुठीत कशाला धरू? 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाल्या टॉल्किनने १९४४ साली मुलाला लिहिलेल्या पत्रात आहे, त्याचे चंद्र जुळत नव्हते. एकीकडे उगवतोय, त्याच वेळी दुसरीकडे मावळतोय. मागच्या प्रकरणांचे तुकडे पुन्हा लिहिण्यात त्याची अख्खी दुपार गेली. तुझ्या लेखकाला दोन चंद्र परवडले, एक दुपार परवडली नाही."

(हे मी अण्णांच्याच बिलावर लिहून घेतलं.)

मग नकाशे. नद्या वाटेत एकमेकींना मिळतात, मुखाजवळचा भाग सोडला तर सहसा फुटत नाहीत. मंदारच्या नकाशात एक नदी एका समुद्रातून निघून दुसऱ्यात जाते, त्यावर बाबल म्हणाला, ती नदी नव्हे, सामुद्रधुनी. भाईंनी लाखाच्या सैन्याला हात घातला. माणशी दिवसाला किलोभर धान्य धरलं तर शंभर टन, बैलाच्या पाठीवर शंभरेक किलो, म्हणजे रोजचे हजार बैल आणि त्यांचा चारा वेगळा. वंजाऱ्यांचे तांडे असल्याशिवाय मोगलांचं पान हलत नव्हतं, आणि ह्या पुस्तकांत लाख माणूस वाळवंट ओलांडतं ते काय वारा खाऊन? भाई क्वचितच मुद्द्यावर राहतात. लगेच सुटले.

"हे सगळं आमच्याकडे होतंच! अकराव्या शतकात सोमदेवानं—"

"झाला सुरू," बाबल.

"हसा! वेताळाच्या पंचवीस गोष्टी आहेत कथासरित्सागरात!"

"भाई, थांबा, तुम्ही चुकून बरोबर बोललात," नीलम म्हणाली. "नियम बघा. राजा बोलला की प्रेत परत झाडावर. उत्तर माहीत असून गप्प राहिला तर डोक्याची शकलं. दोन ओळींत जादू संपली, आणि राजा दोन्हीकडून अडकला. शिवाय प्रत्येक गोष्ट तिथल्या तिथे मिटते. अर्सुला ले ग्विननेही तेच केलं. तिच्या 'अर्थसी' मालिकेचा पहिला भाग १९६८चा, नकाशा आधी काढलेला, सगळी बेटं आणि होड्या. तिसरा १९७२, चौथा १९९०. अठरा वर्षं कोणी दारात धरणं धरलं नाही, कारण आधीची तिन्ही आपापली पुरी होती. आणि तिथे जादूने वारा आणता येतो, पण इकडे पाऊस पाडलास तर तिकडे दुष्काळ पडेल हे आधी शिकवतात."

"ह्या बरा," बाबल म्हणाला. "वाऱ्याची किंमत कळलेली बाई दिसता."

"किंमतच. आपल्याला हे लांबून आणायला नको. आरवलीला वेतोबाला चपला का वाहतात?"

"रात्रीचो गावची राखण करूक फिरता. झिजतत."

"झिजतात! देव आहे, मनात आणलं तर तरंगत जाईल. पण आपल्या माणसांनी त्याला चालवला, आणि चालला तर चप्पल झिजली पाहिजे हे धरलं. म्हणून तो खरा वाटतो. मंदार, तुझ्या राजपुत्राचं काय झिजतं?"

मंदारने खूप विचार केला. पावसाचा जोर तेवढ्यात वाढला, त्यामुळे तो किती वेळ गप्प होता ते नक्की सांगता येत नाही.

"माझे तारे," तो शेवटी म्हणाला. "४.२५ करतो."

"शिरा पडो तुझ्या ताऱ्यांवर," भाई म्हणाले. संध्याकाळभरातलं त्यांचं हे सगळ्यात लहान वाक्य.

अण्णा वही घेऊन बाहेर आले. मंदारच्या नावाखाली डावी बाजू गच्च, उजवी कोरी. एप्रिलपासूनची भजी त्यात होती, आणि शिमग्यातल्या दोन कोकमांचाही उल्लेख होता.

"काय रे, हे कधी मिटवतोस?"

"देतो ना अण्णा. सहावा खंड आला की."

बाबल इतका हसला की कट्ट्यावरून पाय घसरला आणि त्याची एक चप्पल गटारातून वाहत बाजाराच्या दिशेने गेली. "धरा रे तिका!" तो ओरडला. भाई छत्री घेऊन मागे धावले. मंदार बसूनच होता, मोबाईलवर काहीतरी दुरुस्त करत.