तुमचं सत्र कुणी ऐकलं?

आमच्या मानसशास्त्राच्या एम.ए.च्या वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप एरवी वाढदिवसांवर चालतो. गेली दोन-तीन वर्षं मात्र त्यात एक भांडण मुक्कामाला आलंय. थेरपी करायचा हक्क कुणाला?

निमित्त झालं यूजीसीचं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचं. 2022च्या नियमावलीत एम.फिल. ही पदवीच निकालात निघाली. आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचा तोवरचा राजरस्ता म्हणजे पुनर्वास परिषदेनं, म्हणजे आरसीआयनं मान्य केलेलं दोन वर्षांचं एम.फिल. त्यामुळे हलकल्लोळ झाला. मग क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्क या दोन विषयांपुरती 2025-26पर्यंत मुदतवाढ मिळाली आणि भांडणालाही तेवढीच मुदतवाढ मिळाली. एका बाजूला ज्यांना एम.फिल.ची जागा मिळाली ते मोजके लोक. दुसऱ्या बाजूला एम.ए. करून शाळांत, संस्थांत, स्वतःच्या घरातल्या पुढच्या खोलीत काम करणारे आम्ही बाकीचे. आणि दोघांनीही मिळून ज्यांना झोडपायचं ते ‘शनिवार-रविवारवाले’, म्हणजे चार वीकेण्डांत सीबीटीचं (विचार आणि वागणं बदलायला शिकवणाऱ्या थेरपीचं) सर्टिफिकेट घेऊन इन्स्टाग्रामवर पाटी लावणारे.

पाटीवर लिहायचं काय, हाही घोळच आहे. ‘मानसोपचारतज्ज्ञ’ म्हटलं की लोकांना गोळ्या लिहून देणारा डॉक्टर वाटतो. ‘समुपदेशक’ म्हटलं तर घटस्फोटाच्या कोर्टात बसणाराही समुपदेशक आणि इंजिनीअरिंगची ॲडमिशन गळ्यात मारणाराही समुपदेशकच. मी नाशिकच्या एका शाळेत ‘समुपदेशक ताई’ होते. माझं टेबल स्टाफरूममध्ये, झेरॉक्स मशीनशेजारी होतं. मुलं रडायची आणि मशीन चालायचं.

नवऱ्याच्या नोकरीमुळे इंग्लंडला, मिडलँड्समध्ये आले. इथे आधी एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेत फोनवरून अर्ध्या अर्ध्या तासाची ‘कमी तीव्रतेची’ मदत देण्याचं काम केलं, मग सीबीटी थेरपिस्ट होण्याचा पदव्युत्तर डिप्लोमा. या डिप्लोमाला प्रवेश घेताना नर्स, सोशल वर्कर, ऑक्युपेशनल थेरपिस्ट असा एखादा ‘मूळ व्यवसाय’ हाताशी असला तर सोपं जातं. माझी पुण्याची एम.ए. त्या यादीत बसेना. मग ज्ञान, कौशल्य आणि वृत्ती या तीन शब्दांखाली पुराव्यांची एक जाडजूड फाइल तयार करावी लागली. वृत्तीचा पुरावा कसा देतात, हे मला आजही नीट सांगता येणार नाही, पण दिला.

ग्रुपवर मला नेहमी विचारतात, तिकडे शिकवतात काय वेगळं? खरं सांगायचं तर फारसं काही नाही. या थेरपीचा पाया घालणारे ॲरन बेक तेच, अल्बर्ट एलिसही तेच. उलट एलिस तर आपल्याकडे आधीपासून घरचाच आहे. प्रा. कि. मो. फडके यांनी त्यांच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार केला आणि त्यांची विवेकनिष्ठ पद्धत मराठीत रुजवली. ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्याच्या संस्थेनं आणि डॉ. आनंद नाडकर्णींनी ती घराघरांत नेली. पुस्तकातलं सगळं मला नाशिकमध्येच येत होतं.

वेगळं होतं ते रेकॉर्डर.

आठवड्याचे साधारण दोन दिवस विद्यापीठ आणि तीन दिवस प्रत्यक्ष पेशंट. बीएबीसीपी या इथल्या व्यावसायिक संघटनेची मान्यता हवी असेल तर प्रशिक्षणात देखरेखीखाली किमान 200 तास काम आणि किमान आठ केसेस व्हाव्या लागतात. पेशंटच्या लेखी संमतीनं सत्रं रेकॉर्ड होतात आणि ती दुसरं कुणीतरी बसून ऐकतं. नुसतं ऐकत नाही, गुण देतं. सीटीएसआर नावाची बारा कलमांची मोजपट्टी असते: सत्राचा अजेंडा दोघांनी मिळून ठरवला का, पेशंटला स्वतः शोधू दिलं का, गृहपाठ नीट दिला का. प्रत्येक कलमाला शून्य ते सहा, एकूण 72, आणि 36च्या खाली गेलात की नापास.

माझं पहिलं रेकॉर्डिंग नापास झालं. पेशंट पॅनिकचा, म्हणजे अचानक भीतीचे झटके येणारा होता. ओळख लागणार नाही इतके तपशील बदलून सांगते. माणूस भला, पण गर्दीच्या दुकानात धडधड सुरू झाली की ‘आता चक्कर येऊन पडणार’ असं त्याला वाटायचं आणि तो ट्रॉली घट्ट धरून उभा राहायचा. डेव्हिड क्लार्क यांनी 1986मध्ये मांडलेलं पॅनिकचं मॉडेल मला पाठ होतं: धडधड हे संकट नसतं, धडधडीचा जो अर्थ आपण लावतो त्यानं भीती वाढते. आणि ट्रॉली धरल्यामुळेच त्याला कधी कळत नाही, की न धरताही आपण पडलो नसतो. हे दाखवायला आम्ही खोलीतच मुद्दाम जोरजोरात श्वास घ्यायचा प्रयोग केला. तो घाबरला. मी म्हणाले, “काळजी करू नका, काही होणार नाही, मी आहे ना.”

माझी सुपरवायझर पूर्वी मनोरुग्णांच्या वॉर्डात नर्स होती. तिनं टेप तिथेच थांबवली. “आता त्याची ट्रॉली कोण झालं?” एवढंच विचारलं.

मला राग आला होता. धीर देणं म्हणजेच आपलं काम, अशी माझी समजूत होती. आपल्याकडे आजारी माणसाशी बोलायची रीतच ती. ‘अहो, काही नाही होत’ हे वाक्य मी आईकडून, मावशीकडून, आमच्या फॅमिली डॉक्टरांकडून ऐकत मोठी झाले. नाशिकमध्ये चार वर्षं मी मुलांना तेच देत होते आणि ती पुन्हा पुन्हा माझ्याकडे येत होती. मुलांचा विश्वास बसलाय म्हणून येतात, असं मला वाटायचं. चार वर्षांत त्या खोलीत मी काय बोलते, हे एकाही जाणत्या माणसानं ऐकलेलं नव्हतं. झेरॉक्सवाले काका सोडून.

म्हणून ग्रुपवर पदव्यांची धुमश्चक्री चालते तेव्हा माझा एकच प्रश्न असतो: तुमचं सत्र कुणी ऐकलंय का? चांगल्या संस्थांत एम.फिल. करणाऱ्यांचं काम ज्येष्ठांच्या नजरेखाली होतं, हे मान्य. पण पदवी हातात पडल्यावर पुढची तीस वर्षं? इथे पात्र झाल्यावरही सुपरविजन सुटत नाही. माझ्या सुपरवायझरची स्वतःचीही सुपरवायझर आहे.

यावर पुण्याच्या एका मित्रानं लिहिलं, “तिकडे कायदा कडक आहे गं, म्हणून जमतं.” तर नाही. इंग्लंडमध्ये ‘सायकोथेरपिस्ट’ या शब्दाला कायद्याचं संरक्षणच नाही. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ला आहे, पण सायकोथेरपिस्ट किंवा काउन्सेलर अशी पाटी उद्या कुणीही लावू शकतो, आणि लावतातही. शनिवार-रविवारवाले इथेही आहेत. फरक पडतो तो मालकामुळे. थेरपिस्टना नोकरी देणारा सगळ्यात मोठा मालक एनएचएस आहे, आणि तो मान्यता नसलेल्याला घेत नाही.

हा मालकही आपोआप उभा राहिला नाही. लॉर्ड रिचर्ड लेयर्ड हे अर्थतज्ज्ञ आणि वर उल्लेख आला ते डेव्हिड क्लार्क यांनी सरकारला हिशेब मांडून दाखवला, की नैराश्य आणि चिंतेवर उपचार झाले तर माणसं कामावर परततील आणि खर्च भरून निघेल. 2007मध्ये सरकारनं 17 कोटी 30 लाख पौंड आणि 3,600 नवे थेरपिस्ट अशी घोषणा केली, आणि 2008पासून सेवा सुरू झाली. मी शिकत असताना माझी फी सरकारनं भरली आणि वर पगार दिला. भारतात असते तर हे प्रशिक्षण मला परवडलं नसतं, सरळ गोष्ट आहे. आपल्याकडे 2017च्या मानसिक आरोग्य कायद्यानं उपचारांचा हक्क दिला. बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या 2015-16च्या राष्ट्रीय पाहणीत मात्र वेगवेगळ्या आजारांत 70 ते 92 टक्के लोकांना उपचारच मिळत नसल्याचं दिसलं होतं. हक्क कागदावर आहे, पण तालुक्याच्या गावी थेरपिस्टची पगारी जागा कुठे आहे? जिथे जागाच नाही तिथे पात्रता कुणी कुणाला विचारायची?

इथलं सगळं उचलून न्यावं असं मात्र मी म्हणणार नाही. पैसे हिशेब दाखवून आणले, त्यामुळे हिशेबाचा जाचही मागोमाग आला. प्रत्येक सत्राआधी पेशंट नैराश्याची नऊ आणि चिंतेची सात प्रश्नांची प्रश्नावली भरतो. पहिलीत 10च्या आणि दुसरीत 8च्या खाली उतरला तर तो ‘बरा’. नैराश्याचा आकडा 11वरून 9वर आला तर बरा. 26वरून 12वर आला, पुन्हा जेवायला लागला, मुलीशी बोलायला लागला, तरी तो ‘बरा’ नाही, फक्त ‘सुधारणा’. निम्मे तरी बरे व्हावेत असं उद्दिष्ट असतं. महिन्याच्या बैठकीत पडद्यावर माझ्या नावापुढे टक्केवारी येते तेव्हा मला विमा एजंट झाल्यासारखं वाटतं. शिवाय भाषा. ‘गोष्टींमध्ये रस किंवा आनंद न वाटणे’ हा प्रश्न एका मराठी आजींना मी शब्दशः विचारला, तर त्या म्हणाल्या, “या वयात कसला गं आनंद?” मग विचारलं, “आजी, कशात मन लागत नाही का?” तर अर्धा तास बोलल्या. हे मात्र मला नाशिकनं शिकवलं होतं, विद्यापीठानं नाही.

आणि गंमत पुढेच आहे. डिप्लोमाच्या दुसऱ्या सेमिस्टरला प्राध्यापकांनी वाचायला एक शोधनिबंध दिला. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातला, आणि होता गोव्याचा. तिथल्या संगाथ संस्थेनं डॉ. विक्रम पटेल यांच्यासोबत दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक चाचणी केली होती. तीव्र नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ सत्रं. माणूस नैराश्यात एकेक गोष्ट सोडत जातो, ती त्याला पुन्हा थोडी थोडी करायला लावायची, हा गाभा. म्हणजे सीबीटीचाच एक पाय. सत्रं घेणारे होते मानसशास्त्राची कुठलीही पदवी नसलेले स्थानिक लोक. तीन महिन्यांनी त्यांच्याकडच्या 64 टक्के रुग्णांचा नैराश्याचा आकडा 10च्या खाली होता, नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत 39 टक्के. वर्गातले गोरे सहाध्यायी ‘वॉव’ म्हणाले. मी मात्र पद्धतीचा भाग पुन्हा वाचत बसले. हे समुपदेशक आपापली रेकॉर्ड केलेली सत्रं गटात बसून ऐकत होते आणि एकमेकांना गुण देत होते. ज्याच्यासाठी मी समुद्र ओलांडला असं मला वाटत होतं, ते पणजीहून मोटरसायकलवर जाता येईल इतक्या अंतरावर चाललं होतं.

ग्रुपवर तो निबंध टाकला. एम.फिल.वाल्या मैत्रिणीनं लगेच लिहिलं, “म्हणजे आता पदवीच नको का?” तसं नाही. ओसीडी (तेच तेच विचार आणि कृती यांत अडकवणारा आजार), जुना लैंगिक अत्याचार, आत्महत्येचा धोका, यांना सहा-आठ सत्रांची कृतिपुस्तिका पुरत नाही, तिथे या मैत्रिणीसारख्यांचीच गरज आहे. पण तिच्या वाट्याला एका दिवसात दहा पेशंट यावेत, की तिनं दहाजणांची सत्रं ऐकावीत, एवढं ठरवायला यूजीसीच्या पत्राची वाट पाहायला नको. त्यावर ग्रुपवर दोन दिवस शांतता, मग कुणाचा तरी वाढदिवस.

कोल्हापूरच्या मैत्रिणीनं तेवढा वेगळा मेसेज केला. ती एका ट्रस्टच्या दवाखान्यात बसते. मिरजेच्या एका सहकारणीबरोबर तिनं पेशंटच्या संमतीचा मराठी फॉर्म तयार केला, आणि आता दर गुरुवारी दोघी एकमेकींचं एक सत्र ऐकतात. माझी रेकॉर्डिंग मी पाठवू शकत नाही, तो नियमभंग होईल. गुण कसे द्यायचे यावर अडलं तर त्या मला विचारतात. परवा रात्री तिचा संतापलेला आवाज आला, “दोन दिलेत तिनं मला. सहापैकी दोन!”

“कशात?”

“गृहपाठात. म्हणते, तू गृहपाठ दिला नाहीस, हुकूम सोडलास.” मग जरा थांबून, “वीस वर्षांची सवय आहे गं. मास्तरीणच होते मी आधी.”