विहीर दान करताय? जरा थांबा

परवा शाळेच्या जुन्या ग्रुपवर एकाने व्हिडिओ टाकला. नायजर देश, सहाराची दक्षिण कड. निळा फेटा गुंडाळलेला तुआरेग म्हातारा, शेजारी फुलानी बायका (दोन्ही तिकडच्या गुरं राखणाऱ्या जमाती), मध्ये नवाकोरा नळ. पाणी उसळतंय, पोरं नाचतायत. खाली आवाहन: एक विहीर, हजार जीव. दहा मिनिटांत हात जोडलेल्या इमोजींची रांग लागली. मी एकही टाकला नाही म्हणून एक मैत्रीण रागावली. 'तुला कशातच चांगलं दिसत नाही.' तिच्यासाठीच हे लिहितोय, व्हॉट्सॲपवर मावत नव्हतं.

पाण्याचे हाल खरे आहेत, त्यावर वाद नाही. नायजरमधल्या ताहुआ शहराच्या उत्तरेला अझावागचा माळ आहे. तिथे विहिरीला पाणी लागतं साठ-सत्तर मीटरवर, कुठे त्याहून खोल. विहिरीच्या तोंडाशी बेचक्याचे खांब, त्यावर लाकडी चाक, चामड्याची नाहीतर टायरच्या ट्यूबची पोहरी, आणि दोराचं दुसरं टोक गाढवाला. गाढव विहिरीकडे पाठ करून चालू लागतं. विहीर जेवढी खोल तेवढी त्याची वाट लांब. मागून एखादं पोर त्याला हाकत असतं. पोहरी वर आली की विहिरीवरून हाळी येते, पोर गाढवाला वळवतं, परत पहिल्यापासून. आपल्या मोटेची चुलत बहीणच ती, फक्त धावेला उतार नाही आणि बैलांच्या जागी गाढव. एक गाय दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी पिते. आता कळपाचा हिशेब तुम्हीच करा.

पावसाळ्यात डबकी भरली की हे कष्ट वाचतात, पण मग माणसं आणि गुरं एकाच पाण्याला तोंड लावतात. असल्याच पाण्यातून नारू व्हायचा, म्हणजे कातडीतून बाहेर येणारा लांब जंत. माझ्या आजीच्या पोटरीवर त्याचा वण होता. काडीला गुंडाळून रोज बोटभर ओढून काढायचा, तुटला तर पाय सडायचा, असं ती सांगायची. आपला देश नारूमुक्त जाहीर झाला २००० मध्ये, नायजर २०१३ मध्ये. तेव्हा स्वच्छ पाण्याला मी हसेन कशाला?

माझं घोडं अडतं ते १९७३ पाशी.

१९६८ पासून तिकडच्या साहेल पट्ट्यात, म्हणजे सहाराच्या खालच्या कोरड्या माळांवर, पाऊस दगा देत होता. आपला बहात्तरचा दुष्काळ त्याच काळातला. त्याआधी तिथल्या कुरणांत सरकारांनी परदेशी पैशातून खोल बोअर पाडून इंजिनं बसवली होती. पाणी फुकट, सगळ्यांना मोकळं, मालक कुणीच नाही. हजारो गुरं एकेका इंजिनाभोवती गोळा झाली आणि चहूबाजूंनी कोसच्या कोस गवत संपलं. मग १९७३ मध्ये गुरं पटापट मेली, ती पाण्याच्या शेजारीच. पोटात पाणी होतं, चारा नव्हता.

जुन्या विहिरींवर असं होत नसे. ज्यांनी विहीर खोदली त्यांचा पहिला मान. वाटसरूला पाणी नाकारायचं नाही, पण कळप घेऊन मुक्काम ठोकायचा तर विचारावं लागे. शिवाय पाणी दोराने ओढायचं, त्यामुळे एका विहिरीवर किती जनावरं निभतील याला आपोआप आळा. कुरणाचं कुलूप म्हणजे ती विहीर. तुआरेग म्हणतात, 'अमान इमान', पाणी म्हणजे प्राण. व्हिडिओतही हे होतं, मागे बासरी लावून. किल्ली कुणाच्या कमरेला, हे मात्र नव्हतं. तुआरेग आणि वोदाबे (फुलानींतलेच भटके गुराखी) एकाच माळावर फिरतात. त्यातल्या एकाच्या तळाशेजारी नवी विहीर झाली की दुसऱ्याने कुठे जायचं? नायजरने २०१० मध्ये पशुपालकांसाठी खास कायदा केला, त्यात कळप घेऊन फिरण्याचा हक्क मूलभूत मानलाय. फिरणाऱ्या माणसाला एका नळाशी बांधून ठेवणं ही मदत कशी काय?

आणि दुरुस्ती! माझे वडील सोलापूर जिल्ह्यात हापसे दुरुस्त करत. आज आफ्रिकेत जागोजागी दिसणारा इंडिया मार्क टू हापसा आपल्याच मातीतला. जालन्याच्या मिशनमध्ये आणि सोलापुरात जे पंप घडले, त्यांच्यावरून तो सत्तरच्या दशकात तयार झाला. मालीत त्याचं 'इंडिया-माली' नावाचं भावंडही आहे. वडील म्हणायचे, 'वायसर चार आण्याचा, तो आणायला जाणारा कोण ते आधी सांगा.' सहाराच्या खालच्या आफ्रिकेत साधारण तीन-चारांतला एक हापसा बंद असतो असा अंदाज आहे, तो ऐकला की वडीलच आठवतात. अझावागच्या खोलीला तर साधा हापसा पुरतही नाही. तिथे सोलर पंप हवा. त्याचा कंट्रोलर जळला की वायसरचं दुकान काय कामाचं?

म्हणून मी ग्रुपवर तीन गोष्टी विचारल्या. ही विहीर कुणाच्या कुरणात, आणि शेजारच्या तळांना विचारलंय का? कोरड्या महिन्यांत तिच्यावर किती गुरं येतील? व्हिडिओ काढणारे परत गेल्यावर पाना कुणाच्या हातात? जमलं तर नवी पाडण्याआधी तिथल्या ढासळलेल्या जुन्या विहिरींना सिमेंटच्या कड्या बसवून द्या, त्याला माझे पैसे आजच घ्या, हेही लिहिलं.

दोन दिवस झाले. निळ्या खुणा आल्यात. खाली कुणीतरी सुप्रभात टाकलंय.