पेटीतून बाहेर आलं म्हणजे सुटलं, असं नाही

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या ग्रुपवर एक मेसेज आला. वर 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' असा शिक्का, खाली आत्याने जोडलेले हात. मजकूर साधारण असा: 'कमी दिवसांचं बाळ पेटीतून घरी आलं की धोका टळला. पुढच्या तपासण्या म्हणजे दवाखान्यांचा धंदा. आजकाल डॉक्टरला व्हिडिओ कॉलवर सगळं दिसतं. आणि थोडं मागे राहिलं तरी दोन वर्षांत बाळ आपोआप भरून काढतं.' मी फिजिओथेरपिस्ट आहे, रोज अशीच बाळं हाताळते. आत्याला दोन ओळींत उत्तर दिलं, पण तेवढ्याने माझं समाधान झालं नाही.

'घरी आलं की धोका टळला.'

घरी सोडताना श्वास, दूध आणि वजन मार्गी लागलेलं असतं, हे खरं. डोळ्यांचं काय? लवकर जन्मलेल्या बाळाच्या दृष्टिपटलावरच्या रक्तवाहिन्यांची वाढ अर्धवट असते आणि ती पुढे वेडीवाकडी होऊ शकते. हा आजार म्हणजे आरओपी. बाहेरून डोळा अगदी टपोरा, सुंदर दिसतो. बाहुलीत पांढरं दिसायला लागेपर्यंत बहुतेकदा डोळ्याच्या आतला हा पडदा सुटलेला असतो. म्हणून आपल्याकडे ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचे डोळे जन्मापासून ३० दिवसांच्या आत तपासायला सांगतात, फारच लहान बाळाचे त्याहूनही आधी. लेझरने उपचार करायची वेळ आली तर हातात दोन-तीन दिवसच असतात. नेमका हा महिना आपल्याकडे 'सव्वा महिना बाळाला बाहेर काढू नका' या नियमात जातो.

'तपासण्या म्हणजे धंदा.'

काही ठिकाणी नको त्या चाचण्या लिहून देतात, ते मीही पाहिलंय. पण डोळे, कान, डोक्याचा घेर आणि स्नायूंचा ताण या यादीत धंदा शोधून सापडत नाही. शासनाचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरमधूनच सुरू झाला. त्यातल्या जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत ही कामं मोफत होतात. गावच्या आशाताईला विचारा, कुठे जायचं ते ती सांगेल.

'व्हिडिओ कॉलवर सगळं दिसतं.'

या वाक्यात अर्धं खरं आहे, म्हणूनच ते जास्त फसवतं.

आधी खरं अर्धं. सुधारित वय म्हणजे जन्मापासून नाही, तर डॉक्टरांनी दिलेल्या प्रसूतीच्या तारखेपासून मोजलेलं वय. त्या वयाच्या साधारण तीन ते पाच महिन्यांत निरोगी बाळाची मान, धड, हातपाय सारखे बारीक बारीक, सगळ्या दिशांना वळवळत असतात. ही वळवळ नसणं हा सेरेब्रल पाल्सीच्या, म्हणजे मेंदूला इजा झाल्यामुळे हालचालींवर येणाऱ्या कायमच्या अडचणीच्या, धोक्याचा मोठा इशारा. बाळाच्या आपोआप होणाऱ्या हालचाली बघण्याच्या प्रेख्टल पद्धतीत ती चित्रफितीवरूनच तपासतात, त्यामुळे इथे मोबाइल उत्तम चालतो. बाळ जागं आणि शांत हवं, पाठीवर, हातपाय उघडे. फोन वरून धरायचा, डोक्यापासून टाचांपर्यंत सगळं दिसायला हवं, तीन ते पाच मिनिटं. खुळखुळा नको. मला येणाऱ्या निम्म्या चित्रफिती आज्यांच्या 'इकडे बघ, इकडे बघ'मुळे वाया जातात, कारण बाळ खेळात गुंतलं की ती वळवळ दिसत नाही.

आता उरलेलं अर्धं. एका कॉलवर आजीने नातवाला काखेत धरून उभं केलं. सुधारित वय चार महिने. 'बघा मॅडम, पायात कसा जोर आहे!' बाळ चवड्यांवर ताठ. मी त्यांना बोलावून घेतलं. चटईवर निजवून गुडघे धरले आणि मांड्या फाकवल्या, तर अर्ध्या वाटेतच अडल्या. वेग वाढवला तर आणखी अडल्या. आईला विचारलं, लंगोट बांधताना त्रास होतो का? म्हणाली, 'हो, पाय उघडतच नाही तो. मला वाटलं थंडीमुळे.' पडद्यावर जो 'जोर' होता, तो हाताला ताण म्हणून लागला. हे कॅमेरा कितीही महाग घेतला तरी कळत नाही.

डोळ्यांच्या बाबतीत दूरवरून तपासणी झाली आहे, आणि ती आपल्या शेजारीच. २००८ पासून कर्नाटकात किडरॉप नावाचा उपक्रम आहे. प्रशिक्षित तंत्रज्ञ खास कॅमेरा घेऊन जिल्ह्यांतल्या नवजात कक्षांत जातात, दृष्टिपटलाचे फोटो काढतात आणि तज्ज्ञ ते लांबून वाचतात. पण तिथे डॉक्टर लांब असला तरी कॅमेरा आणि शिकलेला हात बाळापाशीच असतात. आपल्या घरच्या फोनला ते जमत नाही. कानांचंही तसंच: टाळी वाजवली आणि बाळ दचकलं, याला श्रवणचाचणी म्हणत नाहीत.

'दोन वर्षांत आपोआप भरून निघतं.'

ही समजूत सुधारित वयाच्या हिशेबातून निघाली असावी. ३० व्या आठवड्यात जन्मलेलं बाळ १० आठवडे आधी आलेलं असतं. ते सहा महिन्यांचं झालं की विकासाच्या मोजपट्टीवर जेमतेम पावणेचार महिन्यांचं. तेव्हा ते पालथं पडलं नाही म्हणून शेजारच्या बाळाशी तुलना करून रडू नका. साधारण दोन वर्षांपर्यंत हा हिशेब लावतात. म्हणजे दोन वर्षांनंतर आठवडे वजा करायचं थांबतं, एवढंच. अडचण आपोआप बरी होते, असं त्यात कुठेही नाही.

आणि काही गोष्टींना कुठलंच वय वजा करून सूट मिळत नाही. वर्षाच्या आतच बाळ एकच हात वापरू लागलं, तर 'डावखुरा होणार' म्हणून कौतुक करू नका, दुसरा हात का मागे आहे ते दाखवून घ्या. एक मूठ सतत मिटलेली, अंगठा आत, हेही तसंच. धोका आता सुधारित वयाच्या पाच महिन्यांच्या आत ओळखता येतो. तेव्हापासून व्यायाम सुरू झाले तर ते मेंदूच्या वाढीच्या काळातच होतात.

एक पुरवणी, कारण आत्याने लगेच विचारलं: लसी सुधारित वयाने नाही, जन्मतारखेने. आणि शेजारच्या नव्या बाळंतिणीच्या डिस्चार्ज कार्डाचा फोटो तिने मला पाठवलाय. बाळ ३२ व्या आठवड्यातलं, आज २३ वा दिवस. डोळ्यांच्या तपासणीपुढची जागा कोरी आहे.