‘पवनचक्की सबसिडीवर, कोळसा स्वतःच्या पायावर’?

गेल्या आठवड्यात आमच्या शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर एक मेसेज आला. तासाभरात तोच भावकीच्या ग्रुपवर, आणि रात्री द्राक्षवाल्यांच्या ग्रुपवर. मजकूर असा: ‘ढालगावपासून चाळकेवाडीपर्यंतचे पंखे आणि सोलर तुमच्या-आमच्या करावर चाललेत. कोळसा आणि अणुवीज एक पैसा सबसिडी घेत नाहीत, उलट कर भरतात. सबसिडी काढा, हे पंखे उद्या भंगारात जातील. आणि वारा पडला की शेवटी कोळसाच!’ खाली ‘पटलं तर पुढं पाठवा.’

मी शंका काढली तर एकानं लिहिलं, ‘तुझा सोलर पंप आहे म्हणून बोलतोस.’ आहे. साडेसात एचपीचा, दहा टक्के भरून घेतलेला. नव्वद टक्के सरकारचे. लपवायचं काय त्यात?

पंख्यांचा मुद्दा अर्धा खरा आहे. २००० सालाच्या आगेमागे पाटण तालुक्यात वनकुसवड्याच्या पठारावर खांब उभे राहिले, त्यातल्या कितीतरी मालकांना विजेपेक्षा आयकराची काळजी जास्त होती. पवनचक्कीची पूर्ण किंमत पहिल्याच वर्षी घसारा म्हणून नफ्यातून वजा दाखवता यायची. पुढं हा घसारा ८० टक्के झाला. कापडगिरणी असो की औषधांचा कारखाना, नफ्यावरचा कर वाचवायला साताऱ्यात एक पंखा घ्यायचा, तो फिरो न फिरो. पैसा पंखा उभारण्यावर मिळत होता, वीज काढण्यावर नाही. २००९ मध्ये युनिटमागं ५० पैसे देणारी योजना आली तेव्हा कुठं हे बदलू लागलं. २०१२ मध्ये घसाऱ्याची सवलत काढली, २०१४ मध्ये परत दिली, २०१७ पासून ती ४० टक्क्यांवर आहे. तेव्हा टीका करायची तर याच्यावर करा, मी सोबत येतो.

पण ‘सबसिडी काढली की भंगारात’ हे चूक. उभ्या पंख्याचे पैसे कधीच फिटलेत आणि वाऱ्याचं बिल येत नाही. वरचा खर्च देखभालीचा. ते जुने पंखे भंगारात जातील ते वयानं. सोलरचा भाव तर २०१७ मध्येच राजस्थानात भडल्याच्या लिलावात युनिटला २ रुपये ४४ पैशांवर आला. त्या भावामागंही सवलत होती, कारण एका राज्यातून दुसऱ्या राज्यात वीज नेण्याचा आकार सौर-पवनला माफ होता. जून २०२५ नंतरच्या प्रकल्पांना ती माफी टप्प्याटप्प्यानं बंद होतेय.

आता कोळसा. इथं मेसेजवाल्याच्या हातात एक खरा पत्ता आहे, आणि सोलरची बाजू घेणारे तो सहसा दाखवत नाहीत. कोळशावर २०१० मध्ये टनाला ५० रुपये उपकर लागला, २०१६ पर्यंत तो ४०० झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये उपकर गेला, पण जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. रेल्वेही कोळशाच्या भाड्यातून कमावते आणि प्रवाशांचं तिकीट स्वस्त ठेवते. म्हणजे आपण कोयना एक्सप्रेसनं मुंबईला जातो त्यात थोडा कोळशाचा हातभार आहे. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा ‘सात लाख कोटी डॉलर’ हा जगभरच्या इंधन सबसिडीचा आकडाही जपून वापरावा. त्यातले थेट सबसिडीचे १.३ लाख कोटीच, बाकी प्रदूषण वगैरेची किंमत धरलेली, आणि त्यात पेट्रोल-डिझेलही आलं.

म्हणून ‘एक पैसा नाही’ खरं ठरतं का? कोळशापासून गॅस करायला जानेवारी २०२४ मध्ये केंद्रानं साडेआठ हजार कोटी मंजूर केले. ते पैसेच आहेत. शिवाय धूर. डिसेंबर २०१५ मध्ये गंधकाच्या धुराला मर्यादा घातली, दोन वर्षांची मुदत दिली, ती वाढत वाढत गेली आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेक औष्णिक केंद्रांना त्यातून सूटच मिळाली. सरकार म्हणतं, आपल्या कोळशात गंधक कमी. असेल. पण धुरातला गंधक काढायला जे यंत्र बसवायचं होतं त्याचा खर्च वाचला कुणाचा, आणि २,९२० मेगावॅटच्या चंद्रपूर केंद्राशेजारी श्वास घेणारा कोण, हे त्या हिशेबात कुठं लिहायचं?

तिसरी गोष्ट स्थिर आकाराची. औष्णिक केंद्र तयार असेल तर वितरण कंपनी वीज उचलो न उचलो, स्थिर आकार द्यावाच लागतो. पेरणीला बैलजोडी भाड्यानं आणली आणि पाऊस हुकला, तरी दावणीचं भाडं चुकत नाही, तसं. मी याला सबसिडी म्हणणार नाही, वारा पडल्यावर तेच बैल लागतात. फक्त ‘कोळसा स्वस्त’ म्हणताना इंधनासोबत दावणीचं भाडंही धरावं.

अणुविजेचं थोडक्यात सांगतो. २०१० च्या कायद्यानं अपघात झाल्यास अणुकेंद्र चालवणाऱ्याची जबाबदारी १,५०० कोटींवर थांबवली. २०२५ च्या अखेरीस नवा कायदा आला, मर्यादा त्यातही आहे. फुकुशिमाचा खर्च जपान सरकारनं २०१६ मध्ये साडेएकवीस लाख कोटी येन धरला होता, म्हणजे बारा लाख कोटी रुपयांच्या वर. मधला फरक कोण भरणार ते उघड आहे. त्याशिवाय २०२५ च्या अर्थसंकल्पात छोट्या अणुभट्ट्यांच्या संशोधनासह अणुऊर्जा मोहिमेला २० हजार कोटी आहेत. असावेत, माझा विरोध नाही. पण मग ‘एक पैसा नाही’ कसं?

‘वारा पडला की कोळसाच’ हेही आपल्या भागातल्या माणसानं लिहावं याचं नवल वाटतं. वनकुसवड्याचे पंखे ज्या जलाशयाच्या डोक्यावर आहेत तिथली कोयनेची १,९६० मेगावॅट जलवीज काही मिनिटांत चालू होते. तिच्यासाठी पाणी वर्षाला ६७.५ टीएमसीच पश्चिमेला सोडता येतं, त्यामुळं ती सगळं भागवणार नाही. पण ती सरकारनंच उभी केली आणि तिला कुणी सबसिडीखोर म्हटलेलं मी ऐकलं नाही.

सगळ्यात मौज द्राक्षवाल्यांच्या ग्रुपची. ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा सिंचन योजनांच्या पंपांचं बिल ८१ टक्के शासन भरतं, १९ टक्के आपण. एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या मोटारीचं बिलही शासनच भरतं. त्यातली बरीचशी वीज कोळशाची. तिला कुणी कोळशाची सबसिडी म्हणत नाही, शेतकऱ्याची म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. मग माझ्या पंपाचे नव्वद टक्के सोलरची सबसिडी कशी झाली? माझ्या पंपाला ते एकदा मिळाले. मोटारीचं बिल शासनाला दर तिमाहीला भरावं लागतं, आणि वर तिची लाईट रात्रीची. शिराळ्याकडं रात्री पाणी पाजायला जाताना बिबट्यासाठी हातात काठी आणि बॅटरी लागते, ते वेगळंच.

ग्रुपवर एवढं लिहिलं नाही. मेसेज टाकणाऱ्याला फक्त विचारलं, ‘तुझ्या विहिरीवरच्या मोटारीचं बिल शेवटचं कधी भरलंस?’ दोन निळ्या खुणा दिसतायत. उत्तर अजून नाही.