एम्बेडेड व्हिजनच्या कामाला सी भाषा लागत नाही, हा दावा चुकीचा

बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागातील पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या असा संदेश फिरत आहे की, एम्बेडेड व्हिजनचे, म्हणजे कॅमेऱ्यावर चालणाऱ्या यंत्रांचे सॉफ्टवेअर लिहायला पायथन ही प्रोग्रामिंग भाषा आणि तयार एआय मॉडेल पुरेसे असून सी ही भाषा व हार्डवेअर शिकण्यात वेळ फुकट जातो आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्यांना या क्षेत्रात वाव नाही. ही माहिती अर्धवट आहे आणि तिच्यावर विसंबून मुलांचे विषय निवडले जात असल्याने हा खुलासा आवश्यक वाटला.

पायथन उपयोगी आहेच. मॉडेल घडवण्याचे बरेचसे काम त्यात होते. मात्र १९२० बाय १०८० पिक्सेलची एक रंगीत फ्रेम, पिक्सेलमागे तीन बाइट धरल्यास, सुमारे ६२ लाख बाइट व्यापते, तर एसटीएम३२एच७४३ या मायक्रोकंट्रोलरमध्ये, म्हणजे यंत्रात बसवल्या जाणाऱ्या छोट्या संगणक-चिपमध्ये, अंतर्गत रॅम जेमतेम १ मेगाबाइट (सुमारे १० लाख बाइट) असते. सेकंदाला ३० फ्रेम हव्या असल्यास प्रत्येकीच्या वाट्याला ३३ मिलिसेकंद येतात. म्हणून चित्र लहान करावे लागते, मॉडेलमधील ३२ बिटांच्या संख्या ८ बिटांवर आणाव्या लागतात, आणि हा कोड बहुतांशी सी किंवा सी प्लस प्लसमध्येच लिहिला जातो. संदेशात चित्रांवर प्रक्रिया करणाऱ्या ज्या ओपनसीव्ही या तयार सॉफ्टवेअर लायब्ररीचा दाखला दिला आहे, तिचा गाभाही सी प्लस प्लसमध्येच आहे.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील एखाद्या ओतीव भागावरची बारीक चीर कॅमेऱ्याने टिपायची झाली, तर मशिनिंग केलेल्या तेलकट पृष्ठभागाची चकाकी आधी आडवी येते. ती मॉडेल बदलून नव्हे, तर दिव्याचा कोन, लेन्स आणि एक्स्पोजर नीट बसवून आवरावी लागते. त्यामुळे इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्यांना या क्षेत्रात वाव नाही, हा संदेशातील निष्कर्षही चुकीचा आहे.