साडेअडतीस गोळ्या

जुलै 2013. सॅन फ्रान्सिस्कोतलं एक नावाजलेलं विद्यापीठ रुग्णालय. दाखल असलेल्या 16 वर्षांच्या मुलाला रोजच्या वापरातल्या एका अँटिबायोटिकची एक गोळी द्यायची होती. दिल्या गेल्या साडेअडतीस.

त्या साखळीत कामचुकार कुणीच नव्हतं. डॉक्टरांनी डोसच्या रकान्यात 160 टाकलं. मनात होतं मिलिग्रॅम, स्क्रीनवर एकक होतं मिलिग्रॅम प्रति किलो. मुलाचं वजन 38.6 किलो. सॉफ्टवेअरने इमानेइतबारे गुणाकार केला. धोक्याची सूचना आली, पण तशा दिवसभर येतच असतात, तीही बंद झाली. फार्मासिस्टकडे आली, तिथेही तेच. यंत्राने गोळ्या बिनचूक मोजून भरल्या. इतक्या गोळ्या बघून नर्सला खटकलं होतं, पण बारकोड स्कॅन केल्यावर स्क्रीन म्हणाली, ऑर्डर बरोबर आहे. मुलाला फिट आली. नशिबाने वाचला.

ही केस पहिल्यांदा वाचली तेव्हा मला त्या डॉक्टरांचा राग आला होता. नंतर एका रात्रपाळीत दोन पेशंटच्या फाइल स्क्रीनवर शेजारी शेजारी उघड्या असताना मी एकाचं पोटॅशियम दुसऱ्याला लिहून मोकळी झाले. ड्रिप लावण्याआधी सिस्टरचा फोन आला, "मॅडम, यांचं पोटॅशियम आधीच वाढलेलं आहे ना?" तेव्हापासून राग ओसरलाय.

दोन्ही फाइल दिसायला सारख्या. तोच निळा पट्टा, तीच मांडणी, नाव कोपऱ्यात बारीक अक्षरात. आणि हे सुधारता येत नाही असंही नाही. ऑर्डर लिहिण्याआधी पेशंटची आद्याक्षरं, लिंग आणि वय पुन्हा टाइप करायला लावलं, तर भलत्याच पेशंटवर ऑर्डर जाण्याचं प्रमाण सुमारे 41 टक्क्यांनी घटलं, असं 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात दिसलं. काही सेकंद जास्त जातात. पण नुसता "तुम्हाला खात्री आहे का?" असा डबा टाकून फारसं काही होत नाही, त्यावर बोट आपोआप "हो" दाबतं. औषधांबद्दलच्या सूचनांचे अभ्यास 2006 मध्ये एकत्र तपासले गेले, तेव्हा त्यातल्या 49 ते 96 टक्के सूचना डॉक्टरांनी ओलांडल्याचं आढळलं. लांडगा आला रे आला, दुसरं काय! किरकोळ आणि जीवघेणं दोन्ही एकाच पिवळ्या चौकटीत येत असेल तर वाचणार कोण?

कागद बरा होता असं मी म्हणणार नाही. माझं अक्षर ज्यांनी पाहिलंय ते हसतील. ॲलर्जीची नोंद, जुने रिपोर्ट, औषधांचे आपसातले झगडे हे सगळं कॉम्प्युटरमुळेच एका जागी दिसतं. माझी तक्रार वेगळी आहे. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत अमेरिकन डॉक्टरांनी पेशंटच्या नोंदी ठेवणाऱ्या आपल्या कॉम्प्युटर प्रणालीला वापरसुलभतेसाठी 100 पैकी सरासरी 45.9 गुण दिले. त्याच मोजपट्टीवर एक्सेलला 57 आणि मायक्रोवेव्हला 87 मिळालेले आहेत. दूध गरम करायचं यंत्र जास्त विचार करून बनवलंय म्हणायचं!

कारण उघड आहे. विकत घेणारे वेगळे, वापरणारे वेगळे. खरेदीच्या बैठकीत सुविधांची लांबलचक यादी दाखवतात. रात्री तीन वाजता, दोन इमर्जन्सी चालू असताना, एक ऑर्डर लिहायला किती क्लिक लागतात हे कुणी मोजून दाखवत नाही. नवीन औषध चाचण्यांशिवाय बाजारात येत नाही. त्या औषधाचा डोस जिथे टाइप होतो त्या स्क्रीनची चाचणी दमलेल्या, घाईतल्या माणसांकडून करून घ्या, एवढंच मागतेय.

पोटॅशियमच्या त्या प्रकाराची मी स्वतःच नोंद केली. फॉर्मवर चूक करणाऱ्याचं नाव, हुद्दा, पाळी, वरिष्ठांनी दिलेली समज, सगळ्याला रकाने होते. तेव्हा स्क्रीनवर काय दिसत होतं, याला नव्हता. मी मागच्या कोऱ्या बाजूला चित्र काढून दिलं.