‘गालभर कल्ले म्हणजे बेशिस्त’: फिरत्या मजकुराला मुद्देसूद उत्तर

मुलाखतींचा आणि कॉलेज प्रवेशांचा हंगाम आला की घराघरांतल्या ग्रुपवर एक मजकूर फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच असतो. “शिस्तीच्या माणसाचा चेहरा गुळगुळीत असतो, सैन्यात बघा. दाढीत कुत्र्याच्या अंगापेक्षा जास्त जंतू असतात. गालभर कल्ले ही गोऱ्यांची नक्कल आहे, आपली परंपरा नव्हे. असं काही ठेवणारी मुलं आळशी तरी असतात, नाहीतर लोकांनी बघावं म्हणून धडपडणारी. आणि एवढ्याशा केसांसाठी हट्ट कशाला? काढून टाकले तर काय बिघडतं?”

मी स्वतः गलमिशा ठेवतो. हनुवटी साफ, दोन्ही गालांवरून उतरलेले कल्ले मिशीला मिळालेले. हा मजकूर पाठवणारे काका-मामा पोरांच्या भल्यासाठीच पाठवतात, याबद्दल मला शंका नाही. पण तो वाचून विशीतला एखादा मुलगा आरशासमोर उभा राहून स्वतःलाच दोष देतो, आणि ज्या गोष्टींसाठी देतो त्यातली जवळपास एकही खरी नसते. म्हणून हे उत्तर.

“सैन्यात बघा.” जरूर बघू. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत १८५४ मध्ये गोऱ्या शिपायांना मिशा ठेवणं सक्तीचं झालं. इथल्या शिपायांच्या नजरेत बिनमिशांचा गोरा मर्द ठरत नव्हता, हे त्यामागचं मोठं कारण. त्याच काळात क्रिमियाचं युद्ध चालू होतं (१८५३-५६). कडाक्याची थंडी आणि दाढीच्या साबणाची टंचाई, त्यामुळे ब्रिटिश सैनिकांना दाढी वाढवायची मुभा मिळाली. ते परतले तेव्हा त्यांच्या दाढ्यांकडे लोक शौर्याची खूण म्हणून बघू लागले आणि इंग्लंडमधल्या सभ्य गृहस्थांनीही दाढ्या राखल्या. पुढे ब्रिटिश सैन्याच्या नियमावलीत कलम १६९५ मध्ये स्पष्ट लिहिलेलं होतं: हनुवटी आणि खालच्या ओठाखालचा भाग भादरावा, वरचा ओठ भादरू नये, आणि कल्ले ठेवलेच तर माफक लांबीचे असावेत. मिशी उतरवणं हा तिथे नियमभंग होता आणि कल्ल्यांना लेखी परवानगी होती!

ही सक्ती संपली ६ ऑक्टोबर १९१६ च्या आदेशाने. त्यावर सही करणाऱ्या जनरल नेव्हिल मॅक्रेडी यांना स्वतःची मिशी मुळीच आवडत नव्हती. त्यांनी ती लगेच उतरवली. पहिल्या महायुद्धात विषारी वायूचे हल्ले सुरू झाले होते, वायुरोधक मुखवटा चेहऱ्याला घट्ट बसायला हवा होता, म्हणून दाढी अडचणीची ठरली. शिवाय जिलेटचा बदलत्या पात्यांचा वस्तरा तोवर बाजारात आला होता. अमेरिका युद्धात उतरल्यावर तिथल्या सरकारने सैनिकांसाठी असे सुमारे ३५ लाख वस्तरे घेतले. घरी परतलेल्या जवानांना रोज सकाळी स्वतःची दाढी स्वतः करायची सवय लागली होती आणि गुळगुळीत चेहरा हा ‘व्यवस्थित’ माणसाचा चेहरा झाला. ज्याला आज सनातन शिस्त म्हणून मिरवलं जातं, तिचं वय जेमतेम शंभर वर्षांचं आहे. ती जन्माला आली ती मुखवट्याच्या आणि पात्याच्या सोयीतून. माणसाच्या चारित्र्याशी तिचा संबंध कधीच नव्हता.

आजचं सैन्यही एका साच्यातलं नाही. भारतीय नौदलात परवानगी घेऊन दाढी ठेवता येते. ब्रिटिश नौदलात ही मुभा १८६९ पासून आहे, तिथल्या हवाई दलाने २०१९ मध्ये आणि भूदलाने २०२४ मध्ये दाढीवरची बंदी उठवली. आपल्या हवाई दलात मात्र धर्माने केस कापायला मनाई असलेले जवान सोडले तर इतरांना दाढी चालत नाही, आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नियम उचलून धरला. हे मी लपवत नाही. पण त्याच हवाई दलातले विंग कमांडर अभिनंदन वर्धमान १ मार्च २०१९ रोजी अटारी-वाघा सीमेवरून परत आले, तेव्हा साऱ्या देशाने त्यांच्या चेहऱ्यावर काय पाहिलं? मिशी ओठांच्या कडांवरून खाली उतरून गालावर वळलेली, थेट कल्ल्यांना भिडलेली. पुढचे कित्येक आठवडे सलूनच्या खुर्चीत बसून तरुण ‘अभिनंदन कट’ मागत होते. जून २०१९ मध्ये लोकसभेत अधीर रंजन चौधरी यांनी तर ती ‘राष्ट्रीय मिशी’ जाहीर करा अशी मागणी केली. सैन्याचा दाखला द्यायचा असेल तर हाही त्यातच येतो.

आता जंतू. या दाव्याला संशोधनाचा आधार आहे असं सांगितलं जातं, म्हणून ते संशोधन काय होतं ते बघायला हवं. स्वित्झर्लंडमधल्या डॉक्टरांना एक प्रश्न सोडवायचा होता: माणसांच्या एमआरआय यंत्रात कुत्र्यांची तपासणी केली तर नंतरच्या रुग्णांना धोका आहे का? त्यासाठी त्यांनी १८ दाढीवाल्या पुरुषांचे आणि ३० कुत्र्यांचे नमुने तपासले. पुरुषांच्या नमुन्यांत जंतू जास्त सापडले, आणि मथळ्यांमध्ये झालं ‘दाढी कुत्र्यापेक्षा घाण’. पण त्या अभ्यासात गुळगुळीत दाढी केलेला एकही पुरुष नव्हता. मग हे जंतू दाढीमुळे होते की माणूस असल्यामुळे, हे ठरवणार कसं? तो प्रश्न संशोधकांनी विचारलाच नव्हता. कुत्र्यांना यंत्रात आणायला हरकत नाही, एवढंच त्यांना सांगायचं होतं.

दाढीवाले आणि बिनदाढीवाले यांची थेट तुलना करणारा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या दोन रुग्णालयांतले ४०८ पुरुष कर्मचारी त्यात होते. एकंदर जंतूंच्या प्रमाणात दोन्ही गटांत फार फरक दिसला नाही. औषधांना दाद न देणारा एमआरएसए हा जंतू मात्र रोज दाढी करणाऱ्यांच्या चेहऱ्यावर तिपटीहून अधिक वेळा आढळला. वस्तऱ्याने कातडीवर पडणारे बारीक ओरखडे हे त्याचं कारण असावं, असा संशोधकांचा अंदाज. यावरून दाढीवाले अधिक स्वच्छ असं मी म्हणणार नाही. टक्केवारी दोन्हीकडे लहानच होती. साबणाने चेहरा धुणारा माणूस स्वच्छ आणि न धुणारा अस्वच्छ, इतका साधा हा हिशोब आहे.

“गोऱ्यांची नक्कल.” या तऱ्हेचा शोध अमेरिकन यादवी युद्धातले जनरल अँब्रोज बर्नसाइड यांनी लावला, असं सोबत ठोकून दिलेलं असतं. बर्नसाइडचे कल्ले भव्य होते यात वाद नाही. पण त्यांचा जन्म १८२४ चा. मार्टिन व्हॅन ब्युरेन १८३७ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष झाले, त्यांच्या गालांवर पांढरे शुभ्र कल्ले होते आणि बर्नसाइड तेव्हा शाळकरी पोर होते. आणखी मागे जायचं तर पाँपेईत १८३१ मध्ये सापडलेलं, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं फरशीवरचं चित्र बघा. त्यात लढाईत घुसलेल्या सिकंदराच्या कानांपुढून कल्ले उतरलेले दिसतात. आणि आपल्याकडचं म्हणाल तर शिवाजी महाराजांची सतराव्या शतकातली चित्रं युरोपातल्या संग्रहालयांत जपलेली आहेत, त्यांतली निमुळती दाढी आणि मिशी प्रत्येक मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे आहे. लोकमान्यांच्या झुपकेदार मिशा, महर्षी कर्व्यांची पांढरी दाढी. चेहऱ्यावर केस राखणं मराठी नाही असं म्हणताना या माणसांचं काय करायचं?

आळसाचा आरोप तर उलटाच आहे. पूर्ण दाढी वाढवायची असेल तर काही दिवस काहीच न करता भागतं. गलमिशांना तसं चालत नाही. हनुवटी आणि गळा रोज साफ करावा लागतो, गालावरची रेघ दोन्हीकडे समान यावी लागते, जाडी ट्रिमरने सारखी राखावी लागते. एक बाजू केसभर खाली गेली तरी समोरच्याला कळतं. माझा न्हावी दाढीच्या गिऱ्हाईकापेक्षा माझ्यावर दुप्पट वेळ घालवतो.

राहता राहिला शेवटचा प्रश्न, आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: काढून टाकले तर काय बिघडतं? जिथे मुखवटा चेहऱ्याला घट्ट बसला नाही तर जिवावर बेतू शकतं, तिथे मीही वस्तरा हातात घेईन. कारखान्यात, अग्निशमन दलात, संसर्गाच्या कक्षात हे कारण खरं आहे. तिथेही शोधले तर मार्ग निघतात. २०२० च्या साथीत ब्रिटनमधल्या शीख डॉक्टरांनी दाढीवर ताणपट्टा बांधून त्यावरून मास्क घट्ट बसवायची पद्धत वापरली.

पण बहुतेक ठिकाणी असं काही कारण नसतं. २०१७ मध्ये गुजरातेत गांधीनगरजवळच्या लिंबोदरा गावात दलित तरुणांना मिशी ठेवली म्हणून मारहाण झाली. मिशीला पीळ देण्याचा हक्क फक्त आपला, असं मारणाऱ्यांना वाटत होतं. त्यावर गुजरातभरच्या दलित तरुणांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पीळदार मिशी, मुकुट आणि खाली ‘मिस्टर दलित’ असं चित्र लावलं. त्यांना कुणी विचारावं, काढून टाकली तर काय बिघडतं? जानेवारी २०२२ मध्ये भोपाळमध्ये एका पोलीस वाहनचालकाला त्याच्या लांब, गळ्यापर्यंत उतरलेल्या मिशा बेढब दिसतात म्हणून निलंबित केलं गेलं. मिशी हा माझ्या स्वाभिमानाचा प्रश्न आहे, ती कापणार नाही, असं तो म्हणाला. काही दिवसांतच वरिष्ठांनी निलंबन रद्द केलं आणि तो आपल्या मिशांसकट कामावर रुजू झाला.